उष्णतेची वाट : टिफरॅकपासून गोकुलमच्या कपाटापर्यंत

संगणकाला पुरविलेल्या विजेचे शेवटी काय होते? गणिते सुटतात, चित्रे उमटतात, हवामानाचे अंदाज निघतात. परंतु यंत्रात शिरलेली जवळजवळ सर्व ऊर्जा अखेरीस उष्णता होऊनच बाहेर पडते. म्हणून संगणकाचा इतिहास हा या उष्णतेला वाट काढून देण्याचाही इतिहास आहे.

अमेरिकेत १९४५ साली पूर्ण झालेल्या एनिॲकमध्ये सुमारे १८,००० निर्वात नळ्या होत्या आणि तो सुमारे १५० किलोवॅट वीज घेत असे. नळ्यांवरून हवा खेळती ठेवण्यासाठी त्याला शक्तिशाली पंखे जोडावे लागले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली घडलेला टिफरॅक १९६० साली कार्यान्वित झाला. त्यात सुमारे २,७०० नळ्या होत्या. एका नळीचा तंतू तापविण्यास सरासरी २ वॅट धरले, तरी पहिली बेरीज होण्यापूर्वीच ५.४ किलोवॅट उष्णता निर्माण होणार. आणि एवढ्या यंत्राची मुख्य स्मृती आजच्या मापाने अवघी १० किलोबाइट!

ट्रान्झिस्टर आला आणि प्रत्येक क्रियेमागची उष्णता झपाट्याने घटली. मात्र घटक लहान होताच ते अधिक दाटीने बसू लागले, आणि एकूण उष्णतेपेक्षा एका चौरस सेंटिमीटरवर एकवटणारी उष्णता डोईजड झाली. १९८५ सालच्या क्रे-२ या महासंगणकाची मंडले तर वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडवून ठेवलेली असत. पुण्यात १९८८ साली सी-डॅकची स्थापना झाली आणि १९९१ साली ‘परम ८०००’ अवतरला. पुढे २०१९ साली पुण्याच्याच आयसरमध्ये बसविलेल्या ‘परम ब्रह्म’मध्ये द्रव थेट प्रोसेसरवरील पट्टिकांपर्यंत नेण्यात आला. त्यामागचे कारण साधे आहे : तेवढ्याच आकारमानाचे पाणी हवेच्या सुमारे ३,५०० पट उष्णता वाहून नेते.

दरम्यान एक जुना समजही ढळला. यंत्रांची खोली हुडहुडी भरेल इतकी गार हवी, असे दीर्घकाळ मानले जाई. वातानुकूलन अभियंत्यांच्या ‘ॲश्रे’ या संस्थेने २००४ साली यंत्रात शिरणाऱ्या हवेसाठी २० ते २५ अंश सेल्सिअस तापमानाची शिफारस केली होती. २००८ साली हीच मर्यादा १८ ते २७ अंश केली. उष्ण देशांच्या दृष्टीने या दोन अंशांचे मोल मोठे आहे, कारण तितकी वीज थंडाव्यावर खर्च करावी लागत नाही.

हा सारा इतिहास आज घरातल्या कपाटात येऊन पोहोचला आहे. म्हैसूरच्या गोकुलमसारख्या वस्तीत एखाद्या संशोधक विद्यार्थ्याने प्रबंधाची विदा आणि घरची छायाचित्रे जपण्यासाठी १०० वॅटचा लहान सर्व्हर भिंतीतील कपाटात ठेवला, असे समजू. कपाटात एक घनमीटर हवा असेल आणि भिंतींनी काहीच उष्णता शोषली नाही, तर बंद दारामागे ती हवा दोन मिनिटांच्या आतच १० अंशांनी तापेल. भिंती ही वाढ लांबवितात, टाळू शकत नाहीत. आणि उष्णतेचा पहिला फटका बसतो तो बहुधा हार्ड डिस्कला, म्हणजे नेमक्या जपायच्या ठेव्याला.

तापमानवाढ १० अंशांवर रोखायची, तर मुंबईत सेकंदाला साधारण साडेआठ लिटर हवा कपाटातून वाहायला हवी. म्हैसूर समुद्रसपाटीपासून सुमारे ७७० मीटर उंचीवर असल्याने तेथील हवा विरळ आहे. तेथे साडेनऊ लिटर लागते. एक लहान पंखा एवढे काम सहज करतो. मात्र हवा खालून आत यावी, वरून बाहेर जावी आणि बाहेर पडलेली गरम हवा पुन्हा आत ओढली जाऊ नये. खोलीच ३४ अंशांवर असेल, तर कपाटातून बाहेर पडणारी हवा ४४ अंशांची असणार. पंखा उष्णता हलवितो, हवेला खोलीपेक्षा गार करीत नाही.

म्हैसूरचे हवामान येथे मदतीला येते. एप्रिलमध्येही तेथील पहाट साधारण २२ अंशांच्या आसपास असते, म्हणजे २००८ च्या शिफारशीत सहज बसते. विदेच्या प्रती घेणे, मोठी आकडेमोड चालविणे अशी जड कामे त्या वेळेवर ढकलली, खिडकी उघडी राहिली आणि कपाटाच्या दाराला जाळी लागली, तर वातानुकूलन यंत्राविनाही उन्हाळ्याचे पुष्कळसे दिवस निभावून नेता येतात.