नियामक अभिकरणांवरील न्यायालयीन मर्यादा, अमेरिकेतील

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत उद्योगधंद्यांच्या नियमनासाठी स्थापन झालेली संघीय अभिकरणे नियम करतात, त्यांची अंमलबजावणी करतात आणि पुष्कळदा निवाडेही देतात. शासनाच्या तिन्ही शाखांची कार्ये अशा रीतीने एकाच संस्थेकडे येत असल्यामुळे तिच्या अधिकाराची सीमा कोणी ठरवावयाची, हा प्रश्न तेथील न्यायालयांपुढे शतकाहून अधिक काळ आहे.

रेल्वे कंपन्यांच्या पक्षपाती भाडे-आकारणीविरुद्ध शेतकरी व व्यापारी यांच्या तक्रारी वाढल्याने काँग्रेसने १८८७ मध्ये आंतरराज्य वाणिज्य आयोग स्थापन केला. दर वाजवी असावेत, असे अधिनियमात म्हटले होते. तथापि एखादा दर गैरवाजवी ठरविणे आणि पुढील काळासाठी नवा दर आखून देणे या भिन्न बाबी असून, दुसरा अधिकार काँग्रेसने स्पष्टपणे दिलेला नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १८९७ मध्ये दिला. त्यामुळे दरांबाबत आयोग दुबळा झाला. अखेर १९०६ च्या हेपबर्न अधिनियमाने त्यास कमाल दर ठरविण्याचा अधिकार दिला. (हा आयोग १९९५ च्या अधिनियमान्वये विसर्जित झाला.)

महामंदीच्या काळात प्रश्नाचे स्वरूप पालटले. राष्ट्रीय औद्योगिक पुनरुत्थान अधिनियमाने (१९३३) उद्योगांसाठी स्पर्धासंहिता मंजूर करण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षांना दिला होता. ब्रुकलिनमधील कोंबड्यांच्या घाऊक व्यापाऱ्यांवरील शेक्टर खटल्यात (१९३५) न्यायालयाने एकमताने ही तरतूद रद्द केली. कारण काँग्रेसला आपला विधिनिर्मितीचा अधिकार असा निर्बंधरहित सोपविता येत नाही. पुढे १९४६ च्या प्रशासकीय कार्यपद्धती अधिनियमाने नियम करण्याची रीत घालून दिली व मनमानी कृती रद्द करण्याचा अधिकार न्यायालयांना दिला.

शेव्हरॉन खटल्यात (१९८४) न्यायालयाने संयमाची भूमिका घेतली. कायदा संदिग्ध असल्यास अभिकरणाने लावलेला वाजवी अर्थ न्यायालयाने मान्य करावा, असे तत्त्व त्यात प्रस्थापित झाले. त्या खटल्यात पर्यावरण-अभिकरणाचा नियम उद्योगांना अनुकूल होता आणि त्यास आव्हान पर्यावरणवाद्यांनी दिले होते, ही बाब लक्षणीय आहे.

त्यानंतर मर्यादा पुन्हा कडक होत गेल्या. अन्न व औषध प्रशासनाला तंबाखूचे नियमन करता येत नाही, असे न्यायालयाने २००० मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी ठरविले. मोठ्या आर्थिक व राजकीय महत्त्वाच्या प्रश्नांवर काँग्रेसची स्पष्ट संमती हवी, हे तत्त्व वेस्ट व्हर्जिनिया खटल्यात (२०२२) वीजनिर्मितीतील प्रदूषणाच्या संदर्भात मांडले गेले. रोखे-अपहाराबद्दल दंड मागताना प्रतिवादीस ज्यूरीपुढील सुनावणीचा हक्क आहे, असे २०२४ मध्ये ठरले. त्याच वर्षी, हेरिंग मासेमारी करणाऱ्या नौकांवर निरीक्षकांचा खर्च लादण्यावरून उद्‌भवलेल्या खटल्यात, शेव्हरॉन तत्त्व रद्द करण्यात आले.

या निर्णयांमुळे लोकनियुक्त नसलेल्या अधिकाऱ्यांवर अंकुश राहतो, असे समर्थक मानतात. तर तांत्रिक प्रश्न तज्ञांकडून न्यायाधीशांकडे जातात, असा टीकाकारांचा आक्षेप आहे. परंतु न्यायालयाने कायद्याच्या अर्थावरून काढून घेतलेला अधिकार काँग्रेसला पुन्हा देता येतो. रेल्वे-दरांबाबत त्यासाठी नऊ वर्षे लागली, तर तंबाखूबाबतही २००९ च्या अधिनियमापर्यंत नऊच. काँग्रेसमध्ये बहुमत जुळत नसल्यास मात्र न्यायालयाने घातलेली मर्यादाच व्यवहारात अंतिम ठरते.