युद्धोत्तर पुनर्वसन, नागपूर

युद्धातून परतलेले सैनिक, वीरनारी व हुतात्म्यांची कुटुंबे यांना नागरी जीवनात स्थिर करण्यासाठी नागपूर परिसरात चालणारे शासकीय व लष्करी कार्य.

पहिल्या महायुद्धानंतर १९१९ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन सोल्जर्स बोर्डातून आजचे केंद्रीय सैनिक मंडळ घडले. महाराष्ट्रात हे काम पुण्याचा सैनिक कल्याण विभाग आणि त्याची जिल्हा कार्यालये पाहतात. नागपूरलगतच्या कामठीत (→ कामठी छावणी) ब्रिगेड ऑफ द गार्ड्स या रेजिमेंटचे केंद्र आहे. निवृत्तिवेतन, २००३ पासूनची माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना आणि १९४९ पासून ७ डिसेंबरला संकलित होणारा ध्वजदिन निधी ही मदतीची प्रमुख साधने होत.

निवृत्तिवेतन मिळाले की पुनर्वसन पूर्ण होते, असा समज असतो. आर्थिक आधार पायाभूत आहे, हे खरे. परंतु अपंगत्व, मानसिक आघात व वैधव्य यांचे परिणाम रकमेने संपत नाहीत. बेपत्ता सैनिकांच्या बाबतीत हे विशेष स्पष्ट होते : सात वर्षे ठावठिकाणा न लागल्यास कायदा मृत्यू गृहीत धरू शकतो, कुटुंबाची प्रतीक्षा मात्र त्या मुदतीने थांबत नाही. म्हणून कागदपत्रे, उपचार, शिक्षण व रोजगार यांत दीर्घकाळ सोबत करणारी जिल्हा पातळीवरील यंत्रणा या कार्याचा गाभा ठरते (→ वीरनारी, सैनिक कल्याण).