गिरणीतल्या बाया, पालकाचं पान आणि कर्करोगाचं औषध



गरोदर बाईला आशाताई लोहाच्या गोळ्या देतात, त्या तुम्हा सगळ्यांना माहीत आहेत. त्या गोळीत लोहाबरोबर फॉलिक अ‍ॅसिड असतं. आजची गोष्ट त्या फॉलिक अ‍ॅसिडची आहे. आणि तीच गोष्ट कर्करोगाच्या एका जुन्या, आजही चालणाऱ्या औषधाचीही आहे.

मी विक्रोळीत राहते. आमच्या कन्नमवार नगरात, टागोर नगरात गावाकडचं माणूस नातेवाइकाकडे उतरतं आणि सकाळी धीम्या लोकलने परळला टाटा रुग्णालयात जातं. संध्याकाळी भेटायला येणारे सल्ले देतात. एक म्हणतं, साखर, भात, दूध बंद करा, गाठ उपाशी मरेल. दुसरं म्हणतं, ताकदीचं टॉनिक द्या, रोगाशी लढायची शक्ती वाढेल. दोघांनाही आजारी माणसाची काळजीच असते. पण या सल्ल्यांत काय चुकतं, ते कळायला जवळजवळ शंभर वर्षं मागे जावं लागतं. सुरुवातही परळलाच होते.

१९२८ साली ल्युसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या बायकांना गरोदरपणात रक्त कमी होण्याचा एक भयंकर आजार व्हायचा. कितीतरी जणी त्यात दगावायच्या. त्याचं कारण शोधायचं काम तिच्याकडे होतं. परळच्या हाफकिन संस्थेत तिची प्रयोगशाळा होती. रोगजंतू सापडतो का, हे तिने पाहिलं, तो सापडला नाही. मग तिने बायकांच्या ताटाकडे पाहिलं. सगळ्यात गरीब घरांतल्या बायकांना हा आजार जास्त होता, आणि त्यांच्या जेवणात पालेभाजी, फळं, दूध जवळजवळ नव्हतंच.

तिने तसंच जेवण माकडांना दिलं. त्यांचंही रक्त उतरलं. मग नाना पदार्थ देऊन पाहताना एक स्वस्त पदार्थ लागू पडला. त्याचं नाव मार्माइट. बिअर गाळल्यावर उरणाऱ्या यीस्टचा तो काळसर, खारट अर्क, इंग्लंडात पावाला लावून खातात. तो आजारी बायकांना दिल्यावर त्यांचं रक्त भरून येऊ लागलं. १९३१ साली तिने हे छापून प्रसिद्ध केलं. त्या अर्कात नेमकं काय आहे, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. लोक त्याला ‘विल्स घटक’ म्हणू लागले.

त्याच १९३१ साली मेहेरबाई टाटा रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. पैशाला कमी नव्हतं, उपचार परदेशात झाले, पण या आजारावर औषधच नव्हतं. पुढच्या वर्षी त्यांचे पती दोराबजीही गेले. त्यांच्या नावाच्या ट्रस्टने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उघडलं. ते हाफकिन संस्थेपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

१९४१ सालीच अमेरिकेत शास्त्रज्ञांनी कित्येक टन पालक वापरून त्यातून हा घटक वेगळा काढला. लॅटिन भाषेत ‘फोलियम’ म्हणजे पान, म्हणून त्याचं नाव पडलं फॉलिक अ‍ॅसिड. पुढे तो प्रयोगशाळेत तयार करणाऱ्या कंपनीच्या संशोधनाचे प्रमुख होते आपल्याच देशातले, आंध्रातल्या भीमावरमचे डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव. त्यांचे दोन भाऊ तरुणपणी ‘स्प्रू’ नावाच्या आजाराने गेले होते. त्या आजारात अन्न अंगी लागत नाही आणि रक्त कमी होतं. फॉलिक अ‍ॅसिड त्यावरही उपयोगी ठरलं.

आता गोष्ट वळण घेते. बोस्टनमध्ये डॉ. सिडनी फार्बर रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांवर उपचार करत होते. गिरणीतल्या बायकांचं रक्त ज्याने सुधारलं, त्याच जातीचे पदार्थ त्यांनी या मुलांना देऊन पाहिले. झालं उलटंच, आजार जोराने वाढताना दिसला. कारण फॉलिक अ‍ॅसिड हे नव्या पेशी तयार व्हायला लागणारं खाद्य आहे. पेशी चांगली की वाईट, हे ते पाहत नाही.

मग फार्बरांनी उलटा विचार केला. सुब्बाराव यांच्या चमूने फॉलिक अ‍ॅसिडसारखाच दिसणारा एक खोटा पदार्थ तयार केला. चुकीची किल्ली कुलपात जाते, पण फिरत नाही, आणि खरी किल्लीही आत जाऊ देत नाही, तसं त्याचं काम. पेशीची वाढ अडते. १९४८ साली फार्बरांनी १६ मुलांची हकीकत छापली. त्यातल्या १० मुलांना काही काळ उतार पडला होता. त्याआधी असं कधी झालं नव्हतं. त्या पदार्थाचं धाकटं भावंड म्हणजे मेथोट्रेक्सेट. ते आज मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात वापरतात. तंबाखूने होणाऱ्या तोंडाच्या कर्करोगातही, आजार फार पुढे गेलेला असताना, टाटा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी त्याच्या स्वस्त गोळ्यांचा उपयोग दाखवून दिला आहे.

आता घरातल्या सल्ल्यांकडे परत येऊ. अशी औषधं भराभर वाढणाऱ्या पेशींना अडवतात. पण केसांच्या मुळातल्या, तोंडाच्या आतल्या त्वचेतल्या आणि रक्त जिथे तयार होतं त्या हाडांच्या मगजातल्या पेशीही भराभर वाढतात. म्हणून केस गळतात, तोंड येतं आणि रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी काही दिवस कमी होतात.

त्या पुन्हा तयार करायला शरीराला सामान लागतं. ते सामान म्हणजे जेवण. साखर-भात तोडल्याने गाठ उपाशी राहत नाही, शरीर कुठल्याही अन्नातून साखर बनवतं. उपाशी राहतं ते माणूस. वजन फार घटलं, की औषधाचा पुढचा डोस लांबवावा लागतो. म्हणून घट्ट वरण, अंडं, मासे, दूध, शेंगदाण्याचा कूट, नाचणीची पेज, मऊ खिचडी असं जे जाईल ते थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा द्यावं. तोंड आलं असेल तर तिखट, आंबट, गरम नको. अन्न ताजं आणि नीट शिजलेलं, पाणी उकळून गार केलेलं, फळं धुऊन सोललेली, आणि वाढणाऱ्याचे हात साबणाने धुतलेले असावेत. कच्ची अंडी, उघड्यावरचा रस, शिळं अन्न टाळावं. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी आहारतज्ज्ञांना विचारावं.

आणि टॉनिक? पालेभाजी जेवणात खुशाल खावी. पण जीवनसत्त्वांच्या गोळ्या, ताकदीची पावडर, झाडपाल्याचं औषध डॉक्टरांना दाखवल्याशिवाय देऊ नये. मेथोट्रेक्सेटचा मोठा डोस दिल्यावर डॉक्टर स्वतःच फॉलिक अ‍ॅसिडचं एक रूप देतात, पण तास मोजून. तीच वस्तू भलत्या वेळी दिली तर औषधाचा परिणाम कमी करू शकते.

आणखी एक. उपचार चालू असताना अंगात १००.४ अंश फॅरनहाइट किंवा जास्त ताप भरला, तर सकाळची वाट पाहू नका. रात्र असली तरी लगेच रुग्णालय गाठा. घरात थर्मामीटर असू द्या.

ल्युसी विल्सला उत्तर सापडलं ते बायकांच्या ताटात. आपल्याकडे बाई आजारी असली तरी सगळ्यांना वाढून शेवटी उरेल ते खाते. बचत गटातल्या कुणा मैत्रिणीचे उपचार चालू असतील, तर तेवढे महिने तिचं ताट आधी वाढलं जातंय ना, एवढं तिच्या घरी जाऊन पाहा. जाताना दोन अंडी घेऊन गेलात, तर उत्तमच.