शौचावरील ताबा सुटतो तेव्हा...

मलविसर्जनावरील नियंत्रण सुटणे हा अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांचा विकार, असा सर्वसाधारण समज आहे. नोकरी-व्यवसाय करणाऱ्या, चारचौघांत वावरणाऱ्या माणसांनाही तो ग्रासतो, हे सहसा लक्षात येत नाही. लघवीच्या तक्रारीविषयी संकोचाने का होईना, बोलले जाते. या बाबतीत मात्र घरच्यांनाही पत्ता लागू दिला जात नाही. दूरचा प्रवास टाळला जातो, लग्नकार्याला जाणे बंद होते आणि कारण भलतेच सांगितले जाते.

अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य व पोषण पाहणीत २००५-०६ या काळात घरी राहणाऱ्या प्रौढांना याविषयी थेट प्रश्न विचारण्यात आले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, आधीच्या महिन्याभरात एकदा तरी असा प्रसंग ओढवलेल्यांचे प्रमाण ८.३ टक्के, म्हणजे साधारण बारा जणांत एक इतके होते. आठवड्यातून किमान एकदा त्रास होणारे २.७ टक्के होते. विशीतील वयोगटात हे प्रमाण २.६ टक्के, तर सत्तरीपुढे १५.३ टक्के आढळले. स्त्रियांत ८.९ आणि पुरुषांत ७.७ टक्के. हा केवळ बायकांचा आजार मानणाऱ्यांनी हे आकडे अवश्य पाहावेत. शिक्षण किंवा उत्पन्न यांचा त्याच्याशी विशेष संबंध दिसला नाही.

वयाखालोखाल ठळकपणे पुढे आलेला धोका म्हणजे शौचास वारंवार पातळ होणे. गुदद्वाराभोवती दोन स्नायूंची कडी असतात. आतले आपोआप आवळलेले राहते, बाहेरचे आपण इच्छेने आवळतो. ती थोडी दुबळी झाली तरी घट्ट मल रोखता येतो. पातळ मल थोपविणे अवघड जाते. त्यामुळे जुनाट अतिसार, आतड्याची सूज, पित्ताशय काढल्यानंतर होणारे जुलाब यांकडे दुर्लक्ष करणे महागात पडते. मधुमेहावरील मेटफॉर्मिन या गोळीनेही काहींना पातळ शौच होते. मधुमेहात मज्जातंतूंची हानी झाल्यास आवरण्याची जाणीवही मंदावते.

स्त्रियांच्या बाबतीत प्रसूतीतील इजा महत्त्वाची. ब्रिटनमधील, १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पहिल्यांदाच नैसर्गिक मार्गाने प्रसूत झालेल्या ७९ स्त्रियांची सोनोग्राफी केली असता ३५ टक्के स्त्रियांच्या या स्नायूंना इजा झालेली दिसली. चिमटा लावून झालेल्या प्रसूतीत इजेचा धोका अधिक असतो. यातील बहुतेकींना तेव्हा काहीच त्रास नसतो. तो पुढे वयपरत्वे स्नायू शिथिल झाल्यावर जाणवू शकतो. भगंदर, फिशर वा मूळव्याधीच्या शस्त्रक्रियेत स्नायू दुखावल्यासही हीच स्थिती ओढवते. पक्षाघात, मणक्याची दुखापत आणि स्मृतिभ्रंश ही आणखी काही कारणे.

वृद्धांमध्ये एक प्रकार फसवा असतो. जुनाट बद्धकोष्ठामुळे मलाचा खडा अडकून बसतो आणि त्याच्या कडेने पातळ मल झिरपतो. घरच्यांना ते जुलाब वाटतात, जुलाब थांबविणारी गोळी दिली जाते आणि खडा अधिकच घट्ट होतो. बोटाने केलेल्या साध्या तपासणीत बरेचदा हे निदान होते.

उपचारांची सुरुवात बहुधा मलाचे स्वरूप सुधारण्यापासून होते. पातळ शौच होणाऱ्यांना इसबगोलाने मल बांधून येण्यास मदत होते. त्याच्या जोडीला ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या स्नायूंचे व्यायाम शिकविले जातात. शौचाच्या सवयीत अलीकडेच बदल झाला असेल किंवा रक्त पडत असेल, तर मात्र घरगुती उपायांत वेळ न दवडता आतड्याची तपासणी करून घ्यावी लागते.