बर्फातला गॅस: साठा नको, दिवस मोजा

"समुद्राखाली शेकडो वर्षं पुरेल एवढा गॅस सापडला" अशी पोस्ट अधूनमधून ग्रुपवर फिरते. वाचून बरं वाटतं, पण यामागचा इतिहास जरा बघूया.

हा गॅस म्हणजे मिथेन हायड्रेट. खोल समुद्राच्या तळाखाली थंडी आणि दाबामुळं बर्फासारख्या पाण्यात अडकलेला मिथेन. एक घनमीटर हायड्रेट विरघळलं की साधारण १६० घनमीटर गॅस निघतो.

भारताचा राष्ट्रीय कार्यक्रम १९९७ साली सुरू झाला. २००६ मध्ये 'जॉइडेस रिझोल्यूशन' हे जहाज मुंबईतून निघालं. पहिली विहीर अरबी समुद्रात, केरळ-कोकण पट्ट्यात खोदली. तिथं काहीच मिळालं नाही. पुढं कृष्णा-गोदावरी खोऱ्याच्या समुद्रात जाड साठा लागला, पण तो होता चिकणमातीच्या भेगांत. चिकणमातीतून गॅस वाहून येणं अवघड, त्याला वाळूचा थर लागतो. असे थर २०१५ च्या दुसऱ्या मोहिमेत मिळाले.

म्हणजे साठा आहे. काढायचा कसा?

२००२ मध्ये कॅनडातल्या मॅलिक इथं गरम पाणी फिरवून बघितलं. उष्णता जास्त लागली, गॅस थोडाच आला. २००८ मध्ये तिथंच विहिरीतलं पाणी उपसून दाब कमी केला. ही पद्धत सरस ठरली. २०१३ मध्ये जपाननं ती समुद्रात वापरली. सहा दिवसांत सुमारे १ लाख २० हजार घनमीटर गॅस आला आणि विहिरीत वाळू शिरून काम थांबलं. आपल्याकडं बोअरला वाळू आली की मोटर जाते ना, तेच तिथं हजार मीटर पाण्याखाली झालं! २०१७ मध्ये जपानची एक विहीर पुन्हा वाळूनंच १२ दिवसांत बंद पडली, दुसरी २४ दिवस चालली. त्याच वर्षी चीननं ६० दिवसांत ३ लाख ९ हजार घनमीटर काढला. २०२० मध्ये आडवी विहीर खोदून ३० दिवसांतच ८ लाख ६१ हजार.

आणि आपण? पनवेलला ओएनजीसीचं खास हायड्रेट संशोधन केंद्र आहे, पण समुद्रात अशी एकही उत्पादन चाचणी झालेली नाही. दाभोळ-बंगळूर गॅस पाइपलाइन आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातूनच जाते. दाभोळच्या टर्मिनलवर तो गॅस परदेशातून जहाजानं येतो, डॉलर मोजून.

तेव्हा पुढची पोस्ट आली की साठा किती ते विचारू नका. वाळू न येता विहीर किती दिवस चालली, ते विचारा.