पेट्रोलचे मिश्रण व मोटारीचे एंजिन

पेट्रोल हा एकच पदार्थ नसून शेकडो हायड्रोकार्बनांचे मिश्रण होय. तेलशुद्धीकरणाची पद्धती, ऋतुमान आणि सरकारी कायदेकानू यांस अनुसरून त्याचे घटक वेळोवेळी बदलत आले आहेत; आणि ज्या एंजिनांची घडण आधीच्या इंधनाला धरून झालेली असते, त्यांवर या बदलांचा परिणाम कधी तत्काळ, तर कधी हजारो किलोमीटर धावल्यानंतर प्रकट होतो. शिसेयुक्त पेट्रोलचा उदय व अस्त हे याचे सर्वांत बोधप्रद उदाहरण होय.

सिलिंडरात ठिणगी पडल्यावर ज्वाला क्रमाने पसरावयास हवी. परंतु ती पोहोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण दाब व उष्णता यांमुळे आपोआप पेटले, तर धातूवर घण पडावा तसा ठोका ऐकू येतो, आणि तो दीर्घकाळ चालू राहिल्यास दट्ट्याला इजा पोहोचते. या ठोक्याच्या भयाने संपीडन गुणोत्तर, म्हणजे मिश्रण दाबण्याचे प्रमाण, वाढविणे दुष्कर झाले होते. 9 डिसेंबर 1921 रोजी अमेरिकेतील डेटन येथे जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत टॉमस मिजली यांना असे आढळून आले, की टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग अत्यल्प प्रमाणात मिसळताच ठोका थांबतो. फेब्रुवारी 1923 मध्ये त्याच शहरी अशा पेट्रोलची विक्री सुरू झाली, आणि पुढील चार दशकांत संपीडन गुणोत्तर सुमारे चारवरून दहाच्या वर गेले. शिशाची पुटे एंजिनात साचू नयेत म्हणून एथिलीन डायब्रोमाइडही घालावे लागे. त्यामुळे शिसे धुराबरोबर बाहेर पडून थेट लोकांच्या श्वासात जाई. 1924 मध्ये न्यू जर्सीतील कारखान्यात टेट्राएथिल लेड बनविणारे कामगार विषबाधेने मृत्युमुखी पडले. अल्कोहोलानेही ठोका टळतो हे त्याच संशोधकांस विदित असताना शिशाचा अंगीकार झाला, ही गोष्ट या शोधाचे गुणगान करताना दृष्टीआड करणे न्याय्य नव्हे.

शिसे हटविण्याचे तात्कालिक कारण मात्र यांत्रिक होते. धुरातील विषारी वायूंचे रूपांतर करणारा उत्प्रेरक शिशाच्या लेपाने निकामी होतो. सबब अमेरिकेत 1975 सालच्या मोटारींत उत्प्रेरक येण्यापूर्वीच, जुलै 1974 पासून, पंपांवर शिसेविरहित पेट्रोल ठेवण्याची सक्ती झाली. तेव्हा शिशाची एक अलक्षित कामगिरी उघडकीस आली. त्याच्या संयुगांचा पातळ थर धूर सोडणाऱ्या झडपेला व तिच्या बैठकीला परस्परांपासून अलग राखीत असे. तो नाहीसा होताच तप्त झडप मऊ ओतीव लोखंडाच्या बैठकीला सूक्ष्मपणे चिकटून तिचे कण उपटू लागली, बैठक खोल जाऊ लागली, झडप उघडणाऱ्या टॅपेटची फट मिटली आणि झडप पुरती बंद न झाल्याने जळू लागली. अतिवेगाने वा भारी ओझ्यासह चालणाऱ्या जुन्या गाड्यांत हे विशेष घडे. कठीण मिश्रधातूच्या बैठका बसविणे, हाच त्यावरील खात्रीचा उपाय. उलटपक्षी, शिसे गेल्याने स्पार्क प्लग व धुराड्याचे नळ अधिक काळ टिकू लागले, हेही नमूद केले पाहिजे.

भारतात शिसेविरहित पेट्रोल 1995 मध्ये चार महानगरांत आले आणि 2000 पासून देशभर अनिवार्य झाले. सांप्रत चर्चा आहे ती एथेनॉलाची. महाराष्ट्रातील साखर कारखान्यांच्या आसवन्या त्याच्या प्रमुख पुरवठादारांपैकी असून, 2023 पासून वीस टक्के मिश्रणाची विक्री सुरू झाली. एथेनॉल ठोक्याला चांगला प्रतिकार करते; मात्र लिटरमागे त्याची ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोनतृतीयांशच भरते. एक किलो पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनाला सुमारे 14.7 किलो हवा लागते, तर एथेनॉलाला नऊच; म्हणून कार्बोरेटरच्या गाडीत, इंधन सोडणारी जेट न बदलल्यास, मिश्रणात हवेचे प्रमाण अधिक होते व एंजिन तापते. नव्या गाड्यांतील ऑक्सिजन संवेदक ही तफावत पुष्कळ अंशी भरून काढतो. एथेनॉलाने जुन्या रबरी नळ्या व कॉर्कच्या गास्केटी फुगतात, टाकीतील साचलेला गाळ सुटून फिल्टर तुंबतो. आणि गाडी पावसाळाभर उभी राहिल्यास आर्द्रता शोषून घेतलेले एथेनॉल पाण्यासह तळाशी वेगळे होऊ शकते. अशी टाकी रिकामी केल्यावाचून गाडी सुरू करू नये.