शार्कची धास्ती आणि सागरी सहल

सुट्टीत समुद्रकिनारी जायचे ठरले, की ‘तिथे शार्क तर नाहीत ना?’ असा प्रश्न घरातील एखादी व्यक्ती हमखास विचारते. अंदमान, मॉरिशस किंवा ऑस्ट्रेलिया असे नाव निघाल्यास तो अधिकच गांभीर्याने विचारला जातो. प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मात्र त्याचे उत्तर स्थळागणिक बदलते.

शार्क हा कोकणाला परका मासा नव्हे. मराठीत त्याला मुशी म्हणतात, मालवणीत मोरी. आणि मोरीचे मटण हा तेथील खवय्यांचा आवडीचा पदार्थ आहे. जगात शार्कच्या पाचशेहून अधिक जाती असून त्यांतील बहुसंख्य माणसाच्या वाटेला जात नाहीत. आकाराने सर्वांत मोठा असलेला व्हेल शार्क तर प्लवक आणि लहान मासे गाळून खातो. भारतात २००१ पासून त्याला वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. माणसावरील बहुतेक गंभीर हल्ल्यांमागे ग्रेट व्हाइट, टायगर आणि बुल या तीनच जाती आढळतात.

अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठात ‘इंटरनॅशनल शार्क अटॅक फाइल’ या नावाने जगभरातील अशा घटनांची नोंद ठेवली जाते. माणसाने डिवचलेले नसताना शार्कने घेतलेल्या चाव्यांची संख्या २०२३ मध्ये ६९ होती व त्यांत १० जण दगावले. २०२४ मध्ये हे आकडे अनुक्रमे ४७ आणि ४ होते. याउलट, जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ या एका वर्षात सुमारे तीन लाख लोक बुडून मरण पावले. तरीही भीती शार्कचीच वाटते. १९७५ च्या ‘जॉज’ चित्रपटाने ती घरोघरी पोहोचवली. ज्यांच्या कादंबरीवरून तो निघाला, त्या पीटर बेंचली यांनी उत्तरायुष्य शार्कच्या संरक्षणासाठी वेचले, हे मात्र फारसे कोणाच्या लक्षात राहिले नाही.

अर्थात जागतिक सरासरीवर विसंबून कुठेही पाण्यात उतरावे, असे नाही. हिंदी महासागरातील रियुनियन बेटावर २०११ पासून प्राणघातक हल्ल्यांची मालिका सुरू झाली आणि २०१३ मध्ये प्रशासनाने खारकच्छ व सुरक्षित केलेले भाग वगळता अन्यत्र पोहण्यास बंदी घातली. शेजारच्या मॉरिशसभोवती जवळजवळ सर्वत्र प्रवाळभिंत असल्याने पर्यटक तिच्या आतील उथळ, शांत पाण्यात पोहतात. रियुनियनला अशी भिंत पश्चिम किनाऱ्याच्या काही भागापुरतीच लाभली आहे. ब्राझीलमधील रेसिफे शहराच्या किनाऱ्यावर १९९२ नंतर हल्ले वाढले. जवळच्या सुआपे बंदराच्या बांधकामाने खाडीतील शार्कचा अधिवास बिघडला, हे त्यामागचे एक कारण सांगितले जाते. इजिप्तमधील शर्म-अल-शेख येथे डिसेंबर २०१० मध्ये काही दिवसांत पाच पर्यटकांवर हल्ले होऊन एका जर्मन महिलेचा मृत्यू झाला. जहाजांवरून फेकलेली मेंढ्यांची कलेवरे आणि माशांना खाऊ घालण्याची पर्यटकांची हौस यांकडे तेव्हा बोट दाखवले गेले. थोडक्यात, धोका जिथे वाढला तिथे माणसाचा हातभार बहुधा लागलेला दिसतो.

महाराष्ट्रात अशी घटना अतिशय विरळा. फेब्रुवारी २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यात मनोरजवळ वैतरणेच्या पात्रात मासेमारी करणाऱ्या तरुणाच्या पायाचा शार्कने लचका तोडला. तो बुल शार्क होता. ही जात गोड्या पाण्यातही तग धरते आणि नदीच्या मुखातून बरीच आत शिरते. म्हणूनच नदीमुख, गढूळ पाणी, मासेमारी चाललेली जागा तसेच पहाटेची व संध्याकाळची वेळ टाळावी, असे जाणकार सांगतात. चकाकणारे दागिने माशाच्या खवल्यांसारखे भासतात. तेही किनाऱ्यावरच काढून ठेवावेत.

आपल्याकडे खरी काळजी करायची ती पाण्याच्या ओढीची. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. ओहोटीच्या वेळी गुडघाभर वाटणारे पाणीही पायाखालची वाळू ओढून नेते. किनाऱ्याकडून आत जाणाऱ्या प्रवाहात सापडल्यास त्याच्याविरुद्ध पोहून दमछाक करून घेऊ नये. तरंगत राहून मदतीसाठी हात वर करावा, पोहता येत असल्यास किनाऱ्याला समांतर जाऊन प्रवाहाबाहेर पडावे. पट्टीचे पोहणारेही इथेच फसतात, कारण तळ्यात वा विहिरीत शिकलेल्या पोहण्याला अशा ओढीची सवय नसते. भरती-ओहोटीच्या वेळा तिथीनुसार बदलतात. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते. त्या स्थानिक कोळी बांधवांना विचाराव्यात.

पाकट आणि जेलीफिश यांचा उपद्रवही शार्कपेक्षा अधिक. सप्टेंबर २०१३ मध्ये गणेश विसर्जनाच्या वेळी गिरगाव चौपाटीवर पन्नासहून अधिक भाविकांना पाकटांनी दंश केले होते. उथळ पाण्यात पाय उचलून न टाकता वाळूवरून घासत चालल्यास तळाशी दबलेले पाकट बहुधा आधीच निसटते. दंश झालाच, तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवल्याने वेदना कमी होतात. काटा खोल रुतला असल्यास तो स्वतः न उपसता डॉक्टरांकडे जावे. राहण्याची जागा ठरवतानाच किनाऱ्यावर जीवरक्षक आहेत का, ते किती वाजेपर्यंत असतात आणि सर्वांत जवळचे रुग्णालय किती अंतरावर आहे, हे फोनवर विचारून घ्यावे.